वैदेहीचे भोवरे

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

प्रिय सरू,
थोरल्या भावाचा आशीर्वाद.

पिशोरच्या ओट्यावर तू सोडलेल्या भोवऱ्याची घूंऽऽ अजून कानात आहे. नात वैदेही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तेच करते. चुंबकी धातूतून एकाच दिशेनं गरगरणारे इलेक्ट्रॉन ती इवल्याशा डायोडमध्ये, म्हणजे वीज दिली की उजळणाऱ्या तुकड्यात, सोडते. ते तसेच गरगरत पोचले, तर निघणारा उजेडही गिरकी घेतो. मी त्यांना भोवरेच म्हणतो, ती हसते.

आम्ही मजेत आहोत. नळाला पाणी कमी, पण टँकरवर भागतं. तुमच्या विहिरीला आहे ना थोडं?

खरं सांगू? आज जीव घाबरा झालाय. तो उजेड फार मंद, म्हणून ती दारं-खिडक्या लावून एकटीच बसते. डायोड गार ठेवायला बर्फाहून थंड असा द्रव नायट्रोजन ओतते. त्याची वाफ कोंडली तर श्वासाला हवा उरत नाही, असं तीच म्हणाली होती. सकाळपासून फोन उचलत नाही. मन रमवायला शाळेतली कविता पुटपुटावी, तर दुसरं कडवंच आठवेना.

थांब, दार वाजलं.

टँकरवाला फकिरा आलाय, आज आपली पाळी नसताना. दारातूनच म्हणतोय, "बाबा, विद्यापीठात पाणी टाकाया गेलतो. तुमची पोरगी खिडक्या सताड उघडून हसत बसलीय. फोन चुंबकापाशी न्यायचा नसतो, म्हणून बाहेर ठेवलाय म्हणं. म्हणली, आजोबाला सांगा, भोवरे फिरले."

तुझा,
श्रीधरदादा