बाबांचं नाव

लाडक्या कोरल,

मी नीट जेवते, असं तिकडे ॲडलेडला आईला सांग. तिला झोप लागते का?

आत्याने काल उलुरूच्या पायथ्याचा बाबांचा पाणवठा दाखवला. मला रडू आलं नाही. पाणी गार होतं, एवढंच.

इथे गेलेल्या माणसाचं नाव कोणी घेत नाही. दुकानातल्या म्हाताऱ्याचंही नाव बाबांचंच, म्हणून आता सगळे त्याला नुसतं 'कुन्मनारा' म्हणतात, म्हणजे 'ज्याचं नाव घ्यायचं नाही तो'. "तुझा बाप माझं नाव घेऊन पळाला बघ!" असं तो मला चिडवतो.

तिकडे तुझ्याजवळ असलेल्या आपल्या बाळाचंही नाव तेच. फोनवर बोलताना तू त्याला हाक मारलीस की इथे आत्या उठून जाते. "कोरलला सांग, ते नाव नको," म्हणते. सांगितलं.

तरी तू हाक मार. मी फोन घेऊन लांब जाऊन उभी राहीन.

तुझीच,
ताई