‘फोमेंट’ करणारी लेडी

१० एप्रिल, गुरु
परत तेच. सी विंगला पाणी जेमतेम भांडी होईपर्यंत, डी विंगवाले गाड्या धुतायत.
संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा इंग्रजी मेसेज: सी विंगमधली एक लेडी मेंबर्सना कमिटीविरुद्ध ‘फोमेंट’ करतेय. नाव नाही. मला आधी हसूच आलं. इतकी वर्षं नर्सिंग केलं, फोमेंटेशन म्हणजे गुडघ्याला गरम शेक!
मृणाल म्हणाली, "आई, हसू नकोस. भडकवणं. चिथावणी देणं."

११ एप्रिल
डिक्शनरीत दोन्ही अर्थ. लेक म्हणते, सेक्रेटरींनी शब्द वापरलाही चुकीचा. माणसांना फोमेंट करत नाहीत. असंतोष, बंड, असलं काहीतरी करतात. असेल. पण लेडी कोण?
टाकीचा वॉल्व्ह कुणीतरी मुद्दाम अर्धा बंद ठेवतंय, हे मी बोलले फक्त शेजारच्या हंसाबेनकडे. आमच्याच किचनमध्ये. टेरेसवर जाऊन बघते म्हणाल्या होत्या. मग हे सेक्रेटरींपर्यंत…

१२, शनि
लिफ्टमध्ये हंसाबेन. "क्या दीदी, आजकल आते नहीं?" गुडघा दुखतोय म्हटलं. हसल्या, नजर भलतीकडे.
काल त्यांचे मिस्टर सोसायटी ऑफिसात सेक्रेटरींसमोर बसलेले. स्वतः पाहिलं. आता त्यांच्याकडे विरजणसुद्धा मागायचं नाही.

१३, रवि
मीटिंग. उठलेच. "वो लेडी कौन है? नाम बोलिए." सेक्रेटरी फाइल चाळायला लागले.
मागून हंसाबेन उभ्या राहिल्या. "मैं हूँ."
वॉल्व्ह बघून आल्यात, अर्धा बंदच. मेसेज आल्यावर चिडून दारोदार जाऊन सांगितलं. मिस्टरांना ऑफिसात बोलावलं ते दम द्यायला, बायको टेरेसवर जायची भाषा करतेय, आवरा म्हणून. आणि मी काय काय…
सेक्रेटरी: "चेक करेंगे." बस.
जिन्यात हंसाबेननी हात धरला. "टेरेस पे जाऊँगी, ये बात मेसेज के पहले मैंने सिर्फ आपको बोला था, दीदी. उनको कैसे मालूम पडा?"
कुणालाच नाही सांगितलं म्हटलं. खरंच नाही. ह्यांना सोडून.
हे रोज सकाळी बेव्हर्ली पार्कपर्यंत चालायला जातात, सेक्रेटरींबरोबर.
घरी आले. हे पेपर वाचत बसलेले. विचारायचं ठरवलं, "अहो" एवढंच निघालं. पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "काय म्हणत होत्या हंसाबेन जिन्यात?"