पुढच्या खिडकीतलं लुगडं

आई, काल इथल्या वॉचमनने मला दटावलं. मी आता कतारमध्ये, अल खोरला, तुझ्या नातवाकडे राहते. बाल्कनीत लुगडं वाळत घातलं, तर हा खालून ओरडतो, "माताजी, कपडा अंदर लीजिए, वर्ल्ड कप आ रहा है, मेहमान आएँगे." आजूबाजूच्या बाल्कन्यांतून देशोदेशीचे झेंडे लोंबतायत, चांगले लुगड्याएवढे, ते चालतात. मी म्हटलं, "मेरा भी झेंडाच समझो." हसला बिचारा, पण लुगडं आत घ्यायला लावलंनच. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस, म्हणून सुनेला लिहायला बसवलंय. तुला वाचता यायचं नाही, मला लिहिता येत नाही; मधल्यामधे तिची बोटं दुखतायत.

सांगायचं ते हे, की मी बांबेर्गला जाऊन आले. वर्ल्ड कप जवळ आला की रजा मिळायची नाही म्हणून मुलाने उन्हाळ्यातच विमानात बसवलं. "आई, तुझं जर्मनीतलं गाव बघायचंय ना? यल्ला, चल." पिंपरीच्या जर्मन साहेबांबरोबर आपण दोन उन्हाळे त्यांच्या गावी गेलो होतो, तू स्वयंपाकाला आणि मी तुझ्या पदराला धरून. त्यांचं ते नदीकाठचं घर आता पर्यटकांना भाड्याने देतात, तिथेच उतरलो. नदीच्या मधोमध, पुलावर उभी असलेली जुनी कचेरी अजून तशीच आहे. तिच्या भिंतीवरच्या चित्रातून एका बाळाचा खराखुरा दगडी पाय बाहेर आलाय, तोही आहे. तो दाखवायला मी तुला ओढत नेलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, "बघ, चित्रातलं पोरसुद्धा घरात ठरत नाही, तुझ्यासारखंच."

पण माझा जीव अडकला होता तो त्या एका दिवसात. सकाळीच मडमबाईंनी तुला बजावलं, आज पाहुणे येणार, स्वयंपाकघरातून पुढे यायचं नाही, कुणाला दिसायचं नाही. दुपारी तू हिरवं इरकली लुगडं धुतेस, पिळतेस, वरच्या मजल्यावर जातेस आणि पुढच्या खिडकीतून खाली सोडून देतेस. नऊ वार! टोक पार खालच्या दारापर्यंत. पुलावरची माणसं थबकून वर बघतायत, पाहुणे त्याच दारात उभे. मडमबाई लालबुंद होऊन जिना चढल्या. "इदर नहीं! कभी नहीं!" तू मुकाट्याने लुगडं ओढून घेतलंस, खाली येऊन भिंतीकडे तोंड करून कांदा चिरत बसलीस. तुझे खांदे हलत होते. मी समजले, रडतेस. परक्या गावात माझ्या आईचा अपमान झाला, हे मी जन्मभर पोटात ठेवलं आणि तुला कधी एका शब्दाने विचारलं नाही.

तर या खेपेला मी त्या घराच्या मागच्या अंगणात गेले. भिंतीत लोखंडी कड्या अजून आहेत. बघितल्या आणि आठवलं, अगं, इथे दोरी होती! साहेबांच्या पोरांचे कपडे, तुझी लुगडी, सगळं तू रोज इथेच वाळत घालायचीस. ऊनही इथेच, पुढच्या खिडकीला उन्हाची तिरीपसुद्धा नाही. मग त्याच दिवशी पुढे कशाला गेलीस? पुढे दिसायचं नाही म्हणाल्या, तर तू दिसली नाहीसच, लुगडं दिसलं! आणि कांदा चिरताना तू रडत नव्हतीस, लबाडे, हसत होतीस. मी पायरीवर बसून इतकी हसले की मुलगा घाबरून धावत आला. "आई, काय झालं?" म्हटलं, "काही नाही रे. तुझी आजी सापडली."

एवढी वर्षं तुझी कीव केली, ती सगळी परत घेते.

हे कुठे पाठवायचं नाही, सुनेला बजावून ठेवलंय. आता एकच राहिलं. निघायच्या आदल्या दिवशी मीही लुगडं धुतलं आणि पुढच्या खिडकीपाशी नेलं. खाली पुलावर ही गर्दी, सगळे फोटो काढतायत. सून विचारतेय, हेही लिहू का? लिही बाई. माझी छाती झाली नाही गं. मागेच वाळत घातलं.