मागच्या अंगणातली मोकळी किक

मी, कमला दादाराव रामटेके, वय एकाहत्तर, राहणार डब्लिन, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीनं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी मुलगी अपर्णा हिला शंका आलीच, तर तिनं तो दोनदा वाचावा.

१. घर आणि बँकेतली शिल्लक अपर्णाला. माझे पती कालकथित दादाराव यांची पुस्तकं विहाराला. बर्फ काढायचं मशीन शेजारच्या पुरुषोत्तमभाऊंना. ते तसंही त्यांच्याच गॅरेजमध्ये मुक्कामाला असतं.

२. मागच्या अंगणाचं मात्र वेगळं आहे. तिथे माझा मुलगा धम्मदीप किकचा सराव करायचा. शाळेच्या टीममध्ये होता तो. फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू पोटाशी धरून पळायचा. समोरच्यांची उंच किक झेलण्याआधी तो एक हात वर करून हलवायचा, आणि मी स्टँडमधून उलट हात हलवायचे.

"आई, तो तुला हाय नाही करत," अपर्णा म्हणायची. "तो त्यांना सिग्नल देतोय, मला कॅच घेऊ द्या, अंगावर येऊ नका."

तरी मी हलवायचेच. पोरगं एकटं उभं असायचं तिथे.

शेवटच्या मॅचमध्ये त्यानं असाच झेल घेतला आणि वेळ संपली. आम्ही दोन गुणांनी मागे होतो. अशा झेलानंतर, वेळ संपली तरी, तिथूनच एक मोकळी किक मारता येते; चेंडू खांबांमधून गेला तर तीन गुण. एकानं चेंडू जमिनीवर धरायचा, दुसऱ्यानं मारायचा, समोरच्यांनी दहा यार्ड लांब राहायचं. हा नियम सहसा कुणी वापरत नाही. धम्मदीपला पाठ होता, त्यानं किक मागितली. कोच वॉल्टर्स म्हणाला, असा नियमच नाही, आणि टीम आत नेली.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या अपघातात धम्मदीप गेला. सतरा वर्षांचा होता. कोच जलदानविधीला आला आणि रडत म्हणाला, "ही वॉज राइट, मॅम." मी त्याला चहा दिला. माफी दिली नाही.

३. तेव्हापासून दर ऑक्टोबरात अंगण मेपलच्या पानांनी भरतं, पण धम्मदीपच्या किकच्या जागेभोवती दहा यार्डांत एक पान टिकत नाही. अपर्णा म्हणते, वारा. दुपारी तिथे पावलं वाजतात, धाव घेतल्यासारखी, आणि एकदम थांबतात. चेंडू धरायला कुणी नसतं ना. मला भीती वाटत नाही, जीव तुटतो. म्हणून कलम चार पुरं झाल्याशिवाय घर विकू नये.

४. धम्मदीपचा चेंडू कोच वॉल्टर्सला. माझ्या जलदानविधीला त्याला बोलवावं. त्रिशरण म्हणून झालं की त्यानं त्या जागी गुडघा टेकून चेंडू बोटानं उभा धरावा. बाकीच्यांनी दहा यार्ड मागे राहावं. मारणार कोण, असं तो विचारील. त्याला सांगावं, तू फक्त धर. चेंडू बोटाखालून सुटला, की मी त्याला माफ केलं असं समजावं.

त्या वेळी अपर्णानं कुंपणाशी उभं राहून हात हलवावा. तो आपल्याला हाय करत नसला तरी.

सही: कमला दादाराव रामटेके

साक्षीदार: शुभा वासनिक, रवींद्र मून. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. रवींद्रनं आधी खिडकीतून अंगण पाहून घेतलं.

डब्लिन, ओहायो
१९ ऑक्टोबर २०२५