साहेब सुखरूप निघाल्याचा खेद

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून जमिनीपर्यंत गेलो तर वर यायला दुसरं माणूस लागतं.) इकडे सगळे ठीक. तुझा खोकला कसा आहे? कानाचं यंत्र लावतेस, की डबीत ठेवून सगळ्यांना 'जरा मोठ्याने बोला' म्हणतेस? तुझं पत्र पोचलं. 'ज्येष्ठांच्या वसतिगृहात हलवण्यात यावं असं ठरलं आहे, तरी कोणी काळजी करू नये,' हे तू स्वतःबद्दल हवापाण्याच्या दोन ओळींमध्ये असं दडपून लिहिलं आहेस, की पहिल्या वाचनात ते माझ्या नजरेतून सुटलंच. हिच्या सुटलं नाही. तेव्हापासून ही माझ्याशी कामापुरतंच बोलते, जणू मीच ठरवलं आहे. मला त्याबद्दल लिहायचं आहे, पण तिथे आलं की पेन अडतं. म्हणून आधी ऑफिसात काय गोंधळ झाला ते सांगतो. त्यात बराचसा दोष तुझाच आहे.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लोकांच्या लिफ्ट बंद पडतात, लोक चिडून लिहितात, आणि मी त्यांना इंग्रजीत उत्तरं देतो. तू दिवसभर शाळेत इंग्रजी शिकवायचीस आणि उरलेलं घरी येऊन माझ्यावर काढायचीस, त्यावरच आजवर माझं पोट चाललं आहे. 'दॅट'च्या अलीकडे एक कर्मणी प्रयोग ठेवायचा आणि पलीकडे दुसरा, की मधून माणूस अलगद निसटतो, हे तूच शिकवलंस. 'आम्ही तुमची लिफ्ट बिघडवली' असं लिहिलं तर गिऱ्हाईक अंगावर येतं. 'इट इज रिग्रेटेड दॅट द लिफ्ट हॅज बीन डॅमेज्ड' लिहिलं, की लिफ्ट कोणी बिघडवली आणि खेद कोणाला वाटला, दोघांचाही पत्ता लागत नाही. मी तर कॉम्प्युटरवर पत्राचा साचाच करून ठेवला आहे. 'इट इज रिग्रेटेड दॅट' आधीपासून तयार, पुढे काय झालं तेवढं भरायचं. (एकदा एक 'बीन' जास्तीचं पडलं आणि ज्या वॉचमनने दार रंगवलं होतं, तो वॉचमनच रंगवला गेला. पण तेवढंच.)

तर झालं असं, की परवा दुपारी आमचे साहेब जेवून वर येताना आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. हसू नकोस. मेकॅनिक सगळे लोकांच्या लिफ्ट सोडवायला बाहेर गेले होते. लिफ्टमधली घंटा वाजायला लागली, आणि ताई, ती सगळ्यांनी ऐकली. हिशेबनीस बाईंनी ऐकली आणि दार लोटून घेतलं. टेलिफोनवर बसणाऱ्या बाई म्हणाल्या, "कोणी कळवलंय ना?" त्यावर स्टोअरवाले म्हणाले, "कळवलं असणारच." मीही मान डोलावली, कारण 'कळवण्यात आलं असेल' हे वाक्य मला व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक वाटलं. मधेच घंटा थांबायची, तेव्हा आम्ही म्हणायचो, चला, काढलं वाटतं. पुन्हा सुरू झाली की म्हणायचो, हा दुसरा कोणीतरी असेल. शेवटी चहावाला भरलेला कप घेऊन साहेबांच्या केबिनमधून परत आला आणि "साहेब कुठे गेले?" म्हणाला, तेव्हा आम्ही सगळे एकदम जिन्याकडे धावलो. मेकॅनिकला बोलावून दार उघडलं, तर साहेब रांगत बाहेर आले, टाय पाठीवर गेलेला. ते तसेच जिन्याने वर निघून गेले.

हेड ऑफिसने लगेच अहवाल मागवला. लिहायचा मीच. मी घाईघाईत साचा उघडला, पुढे 'साहेबांची सुटका करण्यात आली आहे' एवढं इंग्रजीत भरलं, 'हॅज बीन' दोनदा तपासून पाहिलं आणि पाठवून दिलं. म्हणजे हेड ऑफिसला जे वाक्य मिळालं ते असं: 'इट इज रिग्रेटेड दॅट द मॅनेजर हॅज बीन रेस्क्यूड.' साहेब सुखरूप निघाल्याचा खेद वाटतो! ताई, व्याकरणात काडीची चूक नाही. तू असतीस तर पैकीच्या पैकी मार्क दिले असतेस.

उत्तर आलं ते दोनच शब्दांचं: 'बाय हूम?' आता ही विचारणा सुटकेबद्दल की खेदाबद्दल? स्टोअरवाले म्हणाले, बक्षीस द्यायचं असणार. झालं! ज्याला त्याला आठवायला लागलं की साहेबांना त्यानेच काढलं. टेलिफोनवाल्या बाईंनी मेकॅनिकला फोन केला होता, हिशेबनीस बाईंनी त्याला टॉर्च दिला होता, स्टोअरवाल्यांनी तर साहेबांचा प्रत्यक्ष हात धरला होता. (साहेबांना रांगावं लागलं ते मग का, हे मी विचारलं नाही.) मी सगळ्यांची नावं लिहून घेत होतो, तेवढ्यात हिशेबनीस बाईंनी ते वाक्य सावकाश पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तर खेद कोणाला झाला ते विचारतायत." त्याबरोबर सगळे आपापल्या टेबलावर जाऊन कामाला लागले. इतकं काम आमच्या ऑफिसात कधी झालं नव्हतं.

साहेबांनी मला बोलावलं. माझं बोलणं तयार होतं, की खेद उशिराबद्दल आहे, सुटकेबद्दल नाही, आणि हा सगळा दोष 'दॅट'चा आहे. पण ते रागावलेच नाहीत. म्हणाले, "आत अंधार होता हो. मी घंटा दाबत होतो आणि म्हणत होतो, येईल कोणीतरी. मग वाटलं, बाहेरही प्रत्येकजण हेच म्हणत असणार." रागावले असते तर फार बरं झालं असतं. मग म्हणाले, पत्र पुन्हा लिहा, आणि 'आय'ने सुरू करा. मी लिहिलं, 'आय रिग्रेट दॅट आय हर्ड द बेल अँड आय डिड नॉट गो.' शाळेतल्या पोराचं इंग्रजी, पण त्याखाली सही करताना मला घाम फुटला. साहेबांनी ते वाचलं आणि मला बसायला सांगून चहा मागवला.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. तू आमच्या वह्या तपासायचीस तसं लाल पेन घेऊन बसलो आणि कर्ता शोधायला लागलो. 'हलवण्यात यावं': कोणी हलवायचं? 'ठरलं आहे': कोणी ठरवलं? 'कोणी काळजी करू नये': हा कोणी म्हणजे मीच ना? अख्ख्या पत्रात एक माणूस सापडला नाही, तूसुद्धा नाहीस. मला रडू आलं. ही आतून आली, माझ्या हातातलं पत्र बघितलं आणि जवळ बसली.

बाकी क्षेम. खोकल्याला औषध घे.

तुझा,
धाकटा

ता. क. भाच्याला फोन केला होता. चांगला झापायचा म्हणून केला, पण तोच गोंधळला. म्हणाला, "मामा, आम्ही कुठे काय ठरवलं? आईच म्हणाली, असं ठरलंय. आम्हाला वाटलं, तुमचं दोघांचं बोलणं झालं असेल." मागे सूनबाई रडत होती. म्हणजे ठरवणारी तू एकटी, आणि बाकी आम्ही सगळे 'कळवलं असणारच' म्हणत बसलेलो. तर आता माझी विनंती अशी, की तुला काय हवं आहे ते मला एका ओळीत लिही. ओळ 'मला'ने सुरू झाली पाहिजे. 'मला वसतिगृहातच जायचं आहे' लिहिलंस तरी चालेल, मी सामान उचलायला येईन. पण 'ठरलं आहे' लिहिलंस तर पत्र तपासून परत पाठवीन.

आणखी एक ता. क. 'मला तुझ्याकडे यायचं आहे' असंही लिहिता येतं. व्याकरणात बसतं. आमची आतली खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. कर्ता विचारशील म्हणून सांगतो: मी.

ता. क. (हे अक्षर माझं आहे.) ताई, नमस्कार. खोली मी रिकामी केली. कपाट मी आणि शेजारच्या बाईंनी ढकललं. हे खुर्चीत बसून 'थोडं डावीकडे' म्हणत होते. उत्तर लिहीत बसू नका, निघून या. मी तुमची वाट बघते आहे. तुमची भावजय.