सोडवणीचा फेर

आत्याबाई, तुम्ही सासू आणि मी सून, त्यामुळं तुमच्यासमोर बसून चार शब्द बोलायची कधी वेळच आली नाही. जे बोलले ते चुलीकडं तोंड करून. आज सांगलीच्या घरात खिडकीपाशी बसून लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या कितीतरी पुढं मी आलेय, गुडघे रोज सकाळी गाऱ्हाणं घालतात, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की पदर सावरावासा वाटतो. उद्या नागपंचमी आहे. सकाळपासून ठरवतेय की खरं काय ते एकदा सांगून टाकायचं, आणि सकाळपासून डबे पुसतेय.

एकाहत्तरची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि पंधरा दिवसांत तुमचा मुलगा पलटणीत परत गेला. मी मिरजेची, वडील रेल्वेत, आई मी लहान असतानाच गेलेली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दोनदा नाचले होते आणि त्याचा मला भारी गर्व होता. आषाढ लागला तशी तुम्ही दुपारची भांडी झाली की स्वयंपाकघरातली जमीन लोटून घ्यायचात, चुलीतली राख मुठीत धरून गोल काढायचात आणि म्हणायचात, "हितं हुबी ऱ्हा." मला वाटलं, फेर म्हणजे हात धरून गोल फिरायचं, त्यात शिकायचं ते काय? पण आपल्या गावचा फेर उलटा, डावीकडं जाणारा. टाच आधी टेकायची, मग चवडा. तुमच्या आजेसासूच्या आजेसासूनं तो जसा धरला तसाच तुम्ही धरायचात, म्हणजे किती पिढ्या झाल्या ते तुम्हालाही सांगता यायचं नाही. त्याला तीन पाय होते. चाळण म्हणजे पाऊल न उचलता सरकवायचं. मुरड म्हणजे टाचेवर वळायचं. आणि रुसवा म्हणजे एक पाऊल मागं घेऊन तिथंच थबकायचं, सासरी निघालेली पोर उंबऱ्यात थबकते तसं. तो रुसवा मला काही केल्या जमेना. मी खाली बघायची आणि तुम्ही कावायचात. "पायाकडं काय बगतीस? पाय काय पळून जात्यात व्हय? शेजारनीच्या दमाकडं ध्यान दे. तिनं दम घेतला की तू थांबायचं." मी आपली गॅदरिंगवाली, कमरेवर हात ठेवून वळले, तर तुम्ही उलथनं उगारलंत. वर म्हणालात, "ह्यो नाच बगायला कोन येत न्हाई बाई. ह्यो आपल्यापुरता असतोय."

आणि हात. बाकीच्या गावांत पंज्यात पंजा घालतात, आपल्यात एकमेकींचं मनगट धरतात, कारण पंजा घामानं निसटतो. तुमच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गुऱ्हाळाच्या चरकात गेलेलं. तुम्ही माझं डावं मनगट धरलंत की एक अंगठा आणि तीन बोटं लागायची, आणि चौथ्याच्या जागी काहीच नाही. पण पकड अशी की बांगड्या रुतायच्या. पहिल्या वर्षी तुम्ही मला तुमचं हिरवं लुगडं दिलंत, "सहावारीत मुरड बसत न्हाई" म्हणून. लग्नानंतर माहेरची पंचमी तुम्ही कधी पाहिलीच नव्हती, हे मला त्या लुगड्याच्या न मोडलेल्या घडीवरून कळलं. तुमच्या आईनं ते म्हसवडहून धाडलं होतं, पंचमीला नेसून ये म्हणून. तुम्ही गेलाच नाहीत. फेराची म्होरकी पंचमीला गाव सोडत नाही, असं तुमच्या सासूनं सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. साऱ्या गावच्या लेकी माहेरी यायच्या, तुम्ही त्यांना नाचवायचात. लग्नापासून मरेपर्यंत एक पंचमी म्हसवडला नाही. मी विचारलं होतं, वाईट नाही वाटत? तुम्ही तवा पुसता पुसता म्हणालात, "मेल्यावर जाईन की. तवा कोन आडवनार हाय?"

ते तुम्ही चेष्टेनं म्हणाला नव्हतात, हे त्याच वर्षी पंचमीला वारुळापाशी कळलं. दुष्काळानं माळ करपलेला, वारूळ मात्र वाढलेलं. पूजा झाली, दुपार कलली, बायकांनी फेर धरला, आणि फेरात एके ठिकाणी फट होती. मी म्हटलं, सरका की, मिटवा. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मग तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत. वर्षात गावातली जी बाई गेली, तिची जागा पंचमीच्या पहिल्या फेरात मोकळी ठेवायची. तिच्या दोन्ही बाजूच्यांनी हवेत तिचं मनगट धरायचं. एक आख्खं गाणं तिला नाचवायचं. आणि गाणं सरलं की तिच्या माहेराकडं तोंड करून हात उघडायचा, पाची बोटं, आणि म्हणायचं, जा बाई, वाट मोकळी. ही सोडवण. त्यानंतर फट मिटवायची. "आन न्हाई सोडलं तर?" मी विचारलं. "न्हाई सोडलं तर ती नाचत ऱ्हाती," तुम्ही म्हणालात. एवढंच. मग पुरणाची दिंडं वाटायला गेलात.

चार वर्षांनी चैत्रात तुम्ही गेलात. तीन दिवसांचा ताप, आणि चौथ्या दिवशी भरदुपारी, मी पाणी आणेपर्यंत. मला तेव्हा चौथा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आणि मला माहेर असं नव्हतंच. तुम्ही म्हणाला होतात, "तुला आई न्हाई तर न्हाई, मी हाय की. तुजा हात धरून मी बसनार." आत्याबाई, मला तुमचा राग आला होता. मेलेल्या माणसाचा येतो तसा, ज्याला उत्तरच देता येत नाही असला राग.

पंचमीला मी आठवा महिना घेऊन वारुळापाशी उभी राहिले. नको म्हणाल्या सगळ्या, पण सुनेनंच तुमच्या उजव्या अंगाला उभं राहायचं असतं. तुमच्या दुसऱ्या बाजूला चुलतसासूबाई. डावा हात हवेत धरला. मी घाबरले होते, पण काही झालं नाही. चाळण झाली, मुरड झाली. मग रुसवा आला, आणि माझ्या डाव्या अंगाला कुणीतरी दम घेतला. मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा माझा रुसवा बरोबर पडला. मनगटाला काही लागलं नाही, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. गाणं सरलं. सगळ्यांनी म्हसवडकडं तोंड केलं. चुलतसासूबाईंनी हात उघडला. मी माझा हात पदराखाली घेतला आणि मूठ तशीच ठेवली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सोडलास न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

मग झिम्मा सुरू झाला. आम्ही पंधरा जणी होतो. मला नक्की माहीत आहे, कारण दिंडं मीच उकडली होती आणि माणशी एक पानावर ठेवलं होतं. झिम्म्याला जोड्या लागतात, पंधरात एक उरायला हवी. मी चुलतसासूबाईंसमोर टाळ्या देत होते आणि उरलेली कोण ते डोळ्यांनी शोधत होते. कुणी उरली नव्हती. सगळ्यांच्या हातांना हात मिळत होते. कुणाच्या समोर कोण आहे हे काही मी बघितलं नाही. शपथ घेऊन सांगते, बघितलं नाही.

भाद्रपदात लेक झाली, आपल्याच घरी, माजघरात. सुईण पायाशी, दुसरं कुणी नाही. मी डावा हात बाजेखाली सोडला होता आणि तो कुणी तरी धरून होतं, कळ आली की आवळत होतं, बांगड्या रुतेपर्यंत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सकाळी सुईणीनं माझं मनगट उजेडात धरलं. "कोन धरून बसलं हुतं गं?" एक अंगठा आणि तीन बोटं, निळी पडलेली. मी म्हटलं, बाजेची दोरी. सुईण दहाव्या दिवसापर्यंत येते, ती पाचव्या दिवसापासूनच यायची बंद झाली.

पुढं तुमचा मुलगा पेन्शनीत आला, आम्ही सांगलीला घर बांधलं. इथल्या बायकांना जुने नाच शिकायची हौस आहे, तर दर श्रावणात हॉलमध्ये मी त्यांना आपला फेर शिकवते. पंजाबी ड्रेसात मुरड बरी बसते, तुम्हाला पटणार नाही पण बसते. फक्त एक गोष्ट होते. माझ्या डाव्या हाताला जी कुणी उभी राहते ती म्हणते, "काकू, जरा जवळ या ना, हात पोचत नाही." मी सरकते. तरी पोचत नाही. मग मी तिला दुसरीकडं उभी करते आणि म्हणते, इथं राहू दे थोडी जागा, जुन्या पद्धतीत असते.

दरवर्षी ठरवते की यंदा सोडायचं. हॉलच्या खिडकीतून म्हसवड कुठल्या अंगाला ते मी कधीच बघून ठेवलंय. आणि दरवर्षी काही ना काही निघतं. कधी तुमच्या मुलाचं ऑपरेशन, कधी लेकीचं बाळंतपण, मग तुमचा मुलगा गेला, ते वर्ष. त्या वर्षी तर कसं सोडणार होते? परवा लेक म्हणाली, "आई, फेराच्या शेवटी हात उघडायचा असतो म्हणतात. कसा ते दाखव, पुढं मला लागेल." तिला कुणासाठी लागेल ते तिनं बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं, आठवत नाही गं आता. हे आणखी एक खोटं. मला सगळं आठवतं. पण दाखवायचं तर बोटं उघडावी लागतील.

तुमच्या सासूनं तुम्हाला बत्तीस पंचम्या अडवलं. मी तिच्याहून जास्त अडवलंय, आणि तिची निदान तुमच्यावर इतकी माया नव्हती. उद्याही मला जमेल असं वाटत नाही, आत्याबाई. हे लिहितेय तो उजवा हात. डावा मांडीवर आहे, मिटलेला, आणि मघापासून मनगट दुखतंय.

पत्र घडी करून तुमच्या हिरव्या लुगड्यात ठेवते. पत्ता घालायचा तर म्हसवडचा घालावा लागेल, आणि तुम्ही तिथं पोचला नाहीत हे माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?