कमलची प्रार्थनेची पाळी
गोरेगाव, गुरुवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलं आहे. आरतीनंतर प्रार्थना सांगायची पाळी शेजारच्या कमलची होती. ती अडखळत बोलते. ती अडली की, प्रार्थना तुटणं अशुभ म्हणून, भजनातल्या बायका तिचा शब्द हिसकावून पुढचं स्वतःच म्हणून टाकतात. बिचारी देवाकडे एवढंच मागते, एकदा पूर्ण म्हणू दे. पण या म्हणू देतील तर ना! लहानपणी मीही अडखळायचे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर प्रार्थनेत नुसत्या थांबायच्या. थांबणं इतकं अवघड आहे का? आज ती अडली आणि बायका सुरू झाल्या, तशी मी गाभाऱ्यासमोरच ओरडले, "तोंडं मिटा!" कमल डोळे मिटून उभी राहिली, आणि शेवटपर्यंत म्हणाली. बाहेर आल्यावर मलाच म्हणते, "काकू, देवापुढं काहून वरडून राहिल्या? त्याला कुठं घाई व्हती?" एकदाही न अडखळता. आणि मलाच!